गाडीतळ

शहादेव चाळीस वर्षांनी परत आला, पण गावात नाही. गावाच्या डोक्यावर आला.

सोनखडकीच्या वरच्या अंगाला, लिंबागणेशकडून येणारा रस्ता जिथं डोंगराला भिडतो, तिथल्या माळावर 'निवांत' नावाची वसाहत झाली. निवृत्त माणसांसाठी आखून-रेखून बांधलेली. बैठी घरं, कुठं पायरी नाही, न्हाणीघरात धरायला कड्या, दोन वेळचं जेवण घरपोच, आणि सगळ्याभोवती छातीइतकी भिंत. पुणे, ठाणे, नाशिककडची माणसं तिथं येऊन राहिली. त्यांना कोरडी हवा हवी होती, शांतता हवी होती. शहादेवला यातलं काहीच नको होतं. पिंपरीच्या कारखान्यात लेथपुढं उभ्यानं त्याची सगळी नोकरी सरली होती, बायको वारली होती, मुलगा-सून आपापल्या धबडग्यात होते. एकदा मुलानं मोबाइलवर जाहिरात दाखवली. घरांच्या मागं डोंगर दिसत होता. शहादेव बराच वेळ त्या फोटोकडं बघत राहिला आणि म्हणाला, "अरे, ह्या डोंगरावर मी शेळ्या राखल्यात."

झालं. पुढचा पाडवा त्यानं निवांतमध्येच केला.

गावाला मात्र हे येणं नीट उमगलं नाही. लोक रस्त्यात भेटले की अदबीनं बोलायचे, आणि ती अदबच त्याला टोचायची. ज्यांच्याबरोबर तो बारवेत पोहायला शिकला ते गडी आता "या साहेब" म्हणायचे आणि बाजेवर जागा करून द्यायचे. वसाहतीत निराळंच. सुरेखाताई म्हणून डोंबिवलीच्या निवृत्त मुख्याध्यापिका शेजारी राहत. कामवाली आली नाही की त्या विचारायच्या, "शहादेवराव, आज तुमच्या गावात काय आहे हो? छबुबाई फिरकली नाही." मनात काही न ठेवता विचारायच्या. पण 'तुमच्या गावात' म्हटलं की त्याला वाटायचं, गाव म्हणतं साहेब, आणि साहेब म्हणतात गाववाला.

त्याची थोरली बहीण कडूबाई गावातच दिलेली. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून हिचं नाव कडू ठेवलं होतं; कडू वस्तूला काळ तोंड लावत नाही म्हणतात. शहादेव सकाळी फिरायला निघायचा तो थेट तिच्या ओट्यावर जाऊन टेकायचा. ती मात्र त्याच्याकडं येत नसे. सुरुवातीला एकदा आली होती, गेटापर्यंत. गेटावरच्या माणसानं विचारलं, "कुणाकडं? काय काम?"

"भावाकडं यायला काम लागतंय व्हय?" एवढं म्हणून ती आल्या पावली परत गेली.

खरं भांडण मात्र गेटासमोरच्या मोकळ्या जागेचं होतं. गाव तिला गाडीतळ म्हणतं. दसरा झाला की सोनखडकीच्या ऊसतोडीच्या टोळ्या तिथून निघतात. शहादेवच्या बापाच्या काळात बैलगाड्या निघायच्या. रात्री तिथं गाड्या सोडायच्या, दिवस उगवता नारळ फोडायचा आणि पश्चिमेकडं तोंड करून साखर कारखान्याची वाट धरायची. पुढं ट्रक आले, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आहेत. जागा कुणाची, हे गावानं कधी विचारलं नाही. ती बीडच्या एका बागायतदाराची होती, आणि तो तिकडं कधी फिरकत नव्हता. त्यानं माळ विकला तेव्हा गावाला कळलं ते जेसीबी आल्यावर. कायद्यानं बोलायला तोंड नव्हतं. "बापजाद्यापासनं आमी हितनंच निघतोय" हा काही सातबारा नव्हे.

वसाहत झाल्यावर पहिल्या साली टोळ्या नेहमीसारख्या गाडीतळावर उतरल्या. चुली पेटल्या, शेळ्या भिंतीवरच्या वेलींना लागल्या, स्पीकरवर गाणी लागली, आणि भिंतीच्या आडोशाला माणसं बसली. निवांतमधली माणसं खिडक्या लावून बसली. त्याच गडबडीत भगवानरावांच्या पत्नीला अर्धांगाचा झटका आला. भगवानराव म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले नाशिकचे इंजिनिअर, आता वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष. रुग्णवाहिका त्यांना घेऊन निघाली, पण ट्रॉल्यांमागं चार तास अडकून पडली. बाई वाचल्या, पण तेव्हापासून त्यांची डावी बाजू गेली.

शहादेव त्या साली दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मुलाकडं पुण्याला होता. परत आल्यावर त्याला हे कळलं, आणि भगवानरावांना काय बोलावं हे न सुचून तो काहीच बोलला नाही. इतरही फारसं कुणी बोललं नाही. भगवानराव मुळातच करडे गृहस्थ. त्यांच्या दुःखाजवळ जायला लोक बिचकत.

यंदा दसरा जवळ आला तशी त्यांनी माळाच्या कडेनं मोठमोठे दगड आणून टाकले, त्यांना पांढरा रंग दिला आणि मधून साखळी ओढली. शहादेवही समितीत होता. सभेत भगवानराव म्हणाले, "कोणाशी वैर नाही. जागा आपली आहे, आणि गेट मोकळं राहिलं पाहिजे. शहादेवराव, तुमच्या लोकांना जरा समजावून सांगा."

सुरेखाताई म्हणाल्या, "चार दिवसांचा तर प्रश्न असतो."

"चार तासांचाच होता, ताई," भगवानराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शहादेव गावात गेला. कडूबाईचा मुलगा रामेश्वर यंदा टोळीचा मुकादम होता. तो ट्रॉलीला ताडपत्री बांधत होता. सगळं ऐकून घेऊन त्यानं दोरीला गाठ मारली आणि म्हणाला, "मामा, तुमीच सांगा ना तुमच्या लोकास्नी. रस्त्यावर ट्रॉल्या वळत न्हाईत. खाली नाला हाय. आमी थांबावं कुठं?"

"शाळेपाशी थांबा."

"शाळंपाशी?" रामेश्वर हसला. "गाडीतळ सोडून टोळी निघाली असं आजवर झालं न्हाई. बायाच ऐकायच्या न्हाईत."

कडूबाई ओट्यावर बसून बाजरी पाखडत होती. गुडघे गेल्यापासून ती ऊसतोडीला जात नव्हती. शहादेव तिच्याजवळ जाऊन बसला. मग, कितीतरी वर्षं जिभेवर येऊन परत गेलेली गोष्ट त्याच्या तोंडून निघाली.

"आक्का, तू पहिल्यांदा गेलीस ते मला अजून दिसतंय."

दुष्काळाच्या पुढचं साल होतं ते. आईबाप पहिल्यांदाच ऊस तोडायला निघाले होते. स्वयंपाकाला आणि मोळ्या वाहायला हाताशी पोर हवी म्हणून कडूला बरोबर घेतलं. शहादेवला शाळेसाठी आत्याकडं ठेवलं. तो आत्याचं बोट धरून गाडीतळावर उभा होता. गाड्या निघाल्या. आईनं वळून बघितलं, बापानं बघितलं. कडूनं मात्र तोंड फिरवलं आणि पदराआड नेलं. तिचे खांदे हलत होते. शाळेत, नंतर पुण्यात, कारखान्यात नाव झालं तेव्हा, घर झालं तेव्हा, ते हलणारे खांदे त्याच्या डोळ्यांपुढं यायचे. आपण शिकलो ते त्या रडण्यावर, असं त्याच्या मनात पक्कं बसलं होतं.

त्यानं हे जमेल तसं सांगितलं. कडूबाई सूप थांबवून ऐकत होती.

"येडा का खुळा तू," ती म्हणाली. "म्या कुठं रडत होते? मला हसू येत होतं."

"हसू?"

"मग? अंगावर पहिलंच लुगडं, बैलांच्या गळ्यात नवी घुंगरं, आन मी गाडीच्या टोकाला बसलेली. बाभळवाडीच्या पल्याड जग कसं असतंय ते म्या पाह्यलं नव्हतं. लई आनंद झाल्ता मला. आन तू नाकाडातनं शेंबूड गाळत रडत होतास. तुझं तोंड बघून हसूच आवरंना. आईनं पाह्यलं असतं तर धपाटा बसला असता, म्हणून पदर लावला."

शहादेव तिच्याकडं बघतच राहिला.

"रडले मी मागनं," ती पुन्हा बाजरी पाखडू लागली. "उसाच्या पाचटानं हात कापले तवा रडले. थंडीत फडावरच्या पाचटाच्या कोपीत झोप येईना तवा रडले. पर गाडीतळावर न्हाई. गाडीतळावर कवाच न्हाई रडले मी. तिथं सगळं गाव असायचं. लगीन झाल्यावर नवऱ्यासंगं निघाले तवा सासूनं तिथंच ओटी भरली. रामेसर पोटात हुता तवा टोळीतल्या साखराबाईनं तिथंच माझी दिष्ट काढली. आमाला रे दुसरं काय ठाव हाय? मांडव बी तिथं आन सण बी तिथं. निघायचा दिवस म्हंजे आमचा सण."

शहादेव 'शाळेपाशी थांबा' हे पुन्हा म्हणाला नाही. तो तसाच घरी परतला. इतकी वर्षं वाहिलेलं ओझं कुणीतरी हसत हसत उतरवलं, आणि त्या जागी आता काय ठेवायचं ते त्याला कळेना.

टोळी निघायच्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरचे आवाज आले. शहादेव बाहेर आला तोवर रस्ता भरून गेला होता. पुढची ट्रॉली रामेश्वरची. दगडांना वळसा घालून ती कडेला घ्यायला तो गेला आणि मागचं चाक नाल्याच्या तोंडात उतरलं. ट्रॉली कलली. पत्र्याच्या पेट्या, गाठोडी, डालग्यातल्या कोंबड्या, सगळं एका अंगाला घसरलं. बाया उड्या टाकून खाली उतरल्या. कुणाला लागलं नाही, पण एका पोरीची घागर चेपली आणि ती रडायला लागली. मागं ट्रॉल्यांची रांग लागली. त्या रांगेत वसाहतीची दुधाची गाडीही अडकली.

मग तोंडं सुटली. "आमच्याच माळावर आमालाच बंदी व्हय बे?" कुणी ओरडलं. निवांतमधून माणसं गेटाशी जमली. कुणी म्हणालं पोलिसांना फोन करा, कुणी म्हणालं ह्यांना पहिल्यापासून असंच चढवून ठेवलंय. भगवानराव पुढं आले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"मागच्या वर्षी याच ठिकाणी माझी बायको रुग्णवाहिकेत पडून होती," ते म्हणाले. "मी एकेका ट्रॉलीवाल्याला हात जोडत फिरलो. एकानंही गाणं बंद केलं नाही. ती आज हात हलवू शकत नाही. आणि तुम्ही मला विचारता दगड कशाला टाकले?"

मुलाला वाटेला लावायला आलेली कडूबाई काठी टेकत पुढं झाली.

"साहेब," ती म्हणाली, "ती गाडी दवाखान्याची हुती हे मागं कुणाला कळलंच न्हाई. आमाला वाटलं, कुणाची तरी वरात अडकली. भोंगा वाजत हुता, पर आमचं बी वाजत हुतं, त्यात तुमचं बोलणं ऐकूच आलं न्हाई. चुकलंच आमचं. कळलं असतं, तर बायांनी हातानं ट्रॉल्या ढकलल्या असत्या."

ती आणखी एक पाऊल पुढं आली.

"बाई कशा हायत आता? जेवत्यात का?"

ते तिच्याकडं बघत राहिले. हा प्रश्न त्यांना वर्षभरात कुणी सरळ विचारला नसावा. "पातळ खाते," ते म्हणाले. "भरवावं लागतं." आणि लगेच वळून आत निघून गेले, जणू आणखी काही तोंडातून निघेल याची भीती वाटली.

ते गेले तरी दगड तिथंच होते. कुणी हलेना. शहादेवनं साखळीचा आकडा काढला आणि पहिल्या दगडाला खांदा लावला. दगड तसूभर सरकला नाही. त्याला दम लागला.

"शहादेवराव, समितीचा ठराव आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

खरं तर तो त्या वेळी बाजूचा विचार करतच नव्हता. "पहार आण रे," तो रामेश्वरला म्हणाला. रामेश्वरनं पहार आणली, आणखी दोघं आले, आणि दगड कण्हत बाजूला लोळला. मग दुसरा, तिसरा. सुरेखाताई चपला घालून पुढं आल्या, रडणाऱ्या पोरीला गेटाच्या आत नेलं आणि नळावर तिचं तोंड धुतलं. बाकीची माणसं उभीच होती. काही बघत होती, काही घरात गेली.

कललेली ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून काढली. सगळ्या ट्रॉल्या गाडीतळावर आल्या. रामेश्वरनं गेटासमोरचा पट्टा मोकळा सोडून दोन गडी तिथं उभे केले, आणि स्पीकर काही लागला नाही. बायांनी हळदीकुंकू वाहिलं, नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे वाटले. एक तुकडा शहादेवच्याही हातात आला. देणाऱ्या गड्यानं 'साहेब' म्हटलं नाही. "घे रे," म्हणाला. शहादेवनं तो तुकडा मुठीत धरून ठेवला. ट्रॉल्या निघाल्या. कुणीतरी ट्रॉलीवरून ओरडलं, "म्हातारीकडं ध्यान ठेवा, मामा." धूळ खाली बसेपर्यंत दोघं बहीणभाऊ उभी होती. लहानपणी ह्याच जागी तो मागं राहिला होता. आज कडूबाईही मागं राहिली होती.

ठराव मोडला म्हणून समितीतून त्याचं नाव गेलं. संध्याकाळच्या फिरण्याच्या घोळक्यात जागा राहिली, पण बोलणं तुटक झालं. भगवानराव तर समोरून आले की मान हलवून पुढं जात. दगड परत लावावेत अशी सूचना निघाली, तिच्यावर दोन सभा झाल्या, आणि शेवटी कुणी लावले नाहीत. पुढच्या वर्षी काय होईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

कडूबाईनं मात्र छबुबाईच्या हाती भगवानरावांच्या घरी डोंगरातली सीताफळं पाठवली. बाईंना गर काढून भरवा, असा निरोप दिला. चार दिवसांनी टोपली परत आली. रिकामी टोपली परत देऊ नये एवढं त्या घरालाही ठाऊक होतं. तळाशी कागदात बांधलेले बेदाणे होते. निरोप काही नव्हता. कडूबाईनं बेदाणे डब्यात भरले आणि म्हणाली, "नाशकाचे असत्याल."

दिवाळी आली तेव्हा गाव ओस पडलं होतं. दारं कुलपात, ओट्यांवर म्हातारी माणसं, आणि आजीआजोबांपाशी शाळेसाठी ठेवलेली लेकरं. निवांतमध्येही तसंच होतं. कुणाची मुलं आली, कुणाची फोनवरच भेटली. शहादेवनं मुलाला कळवलं, यंदा येत नाही, आक्का आहे इथं.

भाऊबीजेला तो नवं लुगडं घेऊन तिच्याकडं गेला. तिनं अंगण सारवलं होतं, पाट मांडला होता. उन्हं उतरली होती. तिनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि ताट खाली ठेवताना म्हणाली, "किती सालानं रे?"

दोघांनी आठवून बघितलं. ती पहिल्यांदा तोडीला गेली त्याच्या आधी एकदा, तेही लहानपणी. नंतर दरसाल दिवाळीला ती उसाच्या फडात असायची. आणि तो पुण्याला.

"मग भाऊबीजेला काय करायचीस?" त्यानं विचारलं.

"चंद्राला ओवाळायचे. भाऊ लांब असला की चंद्राला ओवाळायचं असतंय. पर ऊस ह्यो एवढा उंच. बीजेचा चंद्र जरासाच असतोय, लगीच बुडतोय. उसाआड दिसायचाच न्हाई. मग गाडीवर चढायचे ताट घेऊन. एक साल तिथनं बी दिसंना, तर ह्यांनी मला खांद्यावर घेतलं, रामेसरच्या बापानं. सगळी टोळी हसत हुती. ताटातला दिवा पडला त्यांच्या मुंडाशावर." ती सांगता सांगता हसू लागली. "तू काय करायचास त्या दिशी?"

"कारखान्याला सुट्टी असायची. झोपायचो."

"झोपायचास," ती म्हणाली. "आन मी गाडीवर चढून ओवाळतीय."

शहादेवही हसला, आणि हसता हसता त्याला डोळे पुसावे लागले. पश्चिमेला डोंगराच्या वर चंद्राची बारीक कोर आली होती. तिनं सवयीनं हात जोडले, मग गुडघ्यावर हात रेटून उठली.

"चल, पोळ्या वाढते," ती म्हणाली. "आमटी निवतीय."